सराईपेठ सरकते

सराईपेठेत बोचऱ्यांच्या बँडशेजारी राहायला कुणीच तयार नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीपायी शर्वरी गावंडेचा आख्खा आराखडा अडून बसला होता.

अकोल्याच्या ऐन मध्यावरची ही पेठ. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून साखरेची वाटी हातोहात देता येईल एवढ्या गल्ल्या. मागच्या उन्हाळ्यात कापडाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा अग्निशमनचा बंब पेठेच्या तोंडाशीच अडकून पडला. लोकांनी बादल्या, पिंपं, कूलरच्या टाक्या, जे हाती लागेल ते ओतून आग विझवली. जीव कुणाचा गेला नाही, पण गोदामाच्या जागी काळा मोकळा चौकोन तेवढा उरला. पेठेच्या नूतनीकरणाचे आराखडे याआधीही आले होते. सगळे एकाच सुरातले: पाडा आणि नवीन बांधा. बांधून होईपर्यंत शहराबाहेर राहा. पेठेतलं कुणी हललं नव्हतं, आणि आराखडे जसे आले तसे गेले.

शर्वरी याच पेठेत वाढलेली. नगररचनेचं शिक्षण घेऊन ती शहराच्या नवरचना कक्षात लागली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहत होती. आई मात्र पेठेतच होती. या खेपेला शर्वरीच्या हातात असं काही आलं होतं, जे आधीच्या कुणाकडेच नव्हतं. तिच्या आराखड्यात एकही घर पाडायचं नव्हतं. घरं सरकवायची होती.

अकोल्याची माती काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतींना दरसाल नवे तडे देते. पण तिच्या अंगात एक गुण आहे. तिच्यातली चिकणमाती म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा ढीग. पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कडांवर धन. म्हणून माती स्थिर असली की कडा पृष्ठभागांना चिकटतात आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी राहते. पाणी त्या बंगल्याच्या खोल्यांमध्ये अडकून पडतं आणि सगळा गोळा घट्ट होतो. हलवलं की बंगला कोसळतो, गोळा वाहू लागतो. पुन्हा स्थिर ठेवा, पुन्हा घट्ट. घुसळलेल्या दह्यासारखंच म्हणा. फरक एवढाच, की घुसळलेलं दही पुन्हा लागत नाही आणि ही माती लागते.

एका मृदा-प्रयोगशाळेने या मातीत एक पॉलिमर मिसळलं. त्याचे लांबच लांब रेणू पापुद्र्यांना टाके घातल्यासारखे शिवून टाकतात आणि हे टाके फक्त एका ठरावीक कंपनालाच सुटतात. त्यावरून ट्रक जाऊ द्या, भूकंप होऊ द्या, माती दगडासारखी राहते. ते नेमकं कंपन दिलं, की तिची लापशी होते. घराच्या जोत्याखाली आडवी भोकं पाडत तुकड्या-तुकड्याने काँक्रीटचा तराफा घालायचा. तराफ्याखाली आणि पुढच्या वाटेवर, पोलादी पत्र्यांच्या चरामध्ये, ही माती भरायची. कंपक चालू करायचे आणि तारदोरांनी हळूहळू ओढायचं. घर चालू लागतं, माणसांसकट, देव्हाऱ्यासकट, चुलीवरच्या दुधासकट. चाल अशी, की गोगलगायीने मागे वळून पाहावं. कागदोपत्री त्या मातीचं नाव ‘कंपद्रव’ होतं. पेठेने पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘दही’ ठेवलं.

लहानपणी प्लास्टिकचं एक कोडं असायचं. चौकटीत पंधरा ठोकळे आणि एक रिकामी जागा. त्या एका रिकाम्या जागेच्या जोरावर सगळे ठोकळे हवे तसे लावता यायचे. जळालेल्या गोदामाची जागा ही पेठेतली रिकामी चौकट होती. तिथून सुरुवात करून घरं एकेक सरकवली, तर मधून बंब जाईल असा रस्ता निघत होता आणि मध्यावर एक चौकही.

पण ठोकळ्यांना आवडीनिवडी नसतात. शर्वरी घरोघर गेली आणि तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला शेजारी कोण हवं?”

लोक गोंधळले. शेजारी आजवर मिळत आला होता. तो निवडायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिठाईवाल्या राठींना शेजारी चहाचं दुकान हवं होतं, चहावाल्याला राठी सोडून कुणीही चालणार होतं. एका बाईंनी जावेपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या म्हटलं आणि जाताना शर्वरीला लाडू दिला. वर्षानुवर्षं कोर्टात भांडणाऱ्या दोन भावांनी, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचंच नाव घेतलं. एका बाबतीत मात्र सगळ्या पेठेचं एकमत होतं. बोचऱ्यांचा बँड नको.

अविनाश बोचरे, साठीच्या पुढचे, विधुर. मुलगा परदेशात. खालच्या मजल्यावर ढोल, ताशे, पितळी युफोनियम आणि वरातीत डोक्यावर धरायच्या दिव्यांच्या छत्र्या, वरच्या मजल्यावर ते स्वतः. दुपारी मंडळी सरावाला जमली, की गल्लीतल्या काचा थरथरायच्या.

आराखडा ठरवायची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. शर्वरीने पडद्यावर नकाशा दाखवला. संगणकाने सगळ्यांच्या इच्छा जुळवून घरं मांडली होती. एकच चौकोन कुठे बसत नव्हता. तो पार पूर्वेच्या टोकाला, नाल्याच्या काठावर, एकटा पडला होता.

“बोचरेजी,” शर्वरी म्हणाली, “तुमच्यासाठी मी अजून प्रयत्न करते आहे.”

बोचरे उठले. धिप्पाड माणूस, पण आवाज मऊ. “राहू द्या नं मॅडम. मले नाल्यापाशी टाका. लोकायचंही बरोबर आहे, लहान लेकरं असतात, म्हातारे असतात. फक्त वाद्यायले ओल लागणार नाही एवढं पाहा.”

हॉलमध्ये सगळे एकाएकी आपापल्या मोबाइलमध्ये पाहू लागले. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक ओळखीचा, खणखणीत आवाज आला.

“त्यायच्या बाजूले माझं घर लावा.”

ज्योत्स्ना गावंडे उभ्या होत्या. शर्वरीची आई. एसटीच्या निवृत्त कंडक्टर.

कुणीतरी हसलं. ज्योत्स्नाताईंनी तिकडे अशी नजर टाकली, की तो विनातिकीट सापडल्यासारखा गप्प झाला. “हसायले काय झालं? तुम्ही सगळ्यायनं आपापली पसंती सांगितली. ही माझी. माझी सारी नोकरी इंजिनाच्या घरघरीत गेली. मले शांततेत झोप लागत नाही.”

बोचरे अजून उभेच होते. ते खाली बसायचं विसरले होते.

शर्वरीने नकाशाकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा नकाशाकडे. “नोंद घेतली आहे,” एवढंच ती कसंबसं म्हणाली.

सभा संपल्यावर ती थेट आईकडे गेली. ज्योत्स्नाताई स्वयंपाकघरात वांगी चिरत होत्या.

“आई, हे काय होतं?”

“काय म्हणजे? तू विचारलं, म्या सांगितलं.”

“मी तुला घरी विचारलं होतं. तेव्हा म्हणालीस, कुणीही चालेल.”

“तेव्हा तो माणूस नाल्यापाशी चालला नव्हता.”

शर्वरी पाटावर बसली. बाबा गेले तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर आईने कधी कुणाचं नाव काढलं नव्हतं. “बोचरेजी आणि तू... म्हणजे, तुमचं काही...”

“चहा पितो आम्ही,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “दुपारी, सरावानंतर. आता गुडघे दुखतात. त्यायचेही अन् माझेही. या टोकाहून त्या टोकाले जायचं म्हणजे अर्धा जीव जाते. कधी कधी जाणंच होत नाही.”

“मग लग्न कर ना. मी काही नाही म्हणणार नाही.”

ज्योत्स्नाताईंनी विळी आडवी केली. “लग्न नाही करायचं मले. शेजार करायचा आहे. लग्न केलं तर दोघातल्या एकाले घर सोडावं लागते. मी हे घर सोडणार नाही, अन् ते आपले ढोल सोडणार नाहीत. शेजार केला तर कोणालेच काही सोडावं लागत नाही. आजपर्यंत हे होण्यासारखं नव्हतं. आता तुमचं दही आलं, तर होऊ द्या नं!”

शर्वरीला हसू आलं. ती काही बोलणार तोच शेजारच्या बाजूने आवाज आला.

“अन् मी?”

ज्योत्स्नाताईंच्या आणि शबानाआपांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. दोघींच्या लग्नानंतर कधीतरी, भाजीची देवघेव करायला सोपं जावं म्हणून पाडून घेतलेली. शबानाआपांचं पेठेत चष्म्याचं दुकान होतं. त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी तुझ्या पोरीले तुझं नाव सांगितलं होतं शेजारी म्हणून,” शबानाआपा म्हणाल्या. “तू मले विचारलंही नाही.”

“अवं शबाना, ऐक तर...”

खिडकीचं दार लागलं.

ज्योत्स्नाताई बराच वेळ त्या बंद दाराकडे पाहत राहिल्या. “हे चुकलंच माझं,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांचं घर एकीकडे बोचरे आणि दुसरीकडे शबाना असं लावता येईल का, हे शर्वरीने त्याच संध्याकाळी संगणकावर तपासलं. येत नव्हतं. चष्म्याच्या दुकानाला गिऱ्हाईक लागतं, ते चौकात हवं. बोचऱ्यांची जागा टोकाला. दोघांच्या मध्ये रस्ता पडत होता.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने आईच्या घराचा निर्णय स्वतःकडून काढून प्रकल्पाचे इंजिनिअर अमोघ खेडकर यांच्याकडे दिला. खेडकर पुण्याचे, तरुण, कंपद्रवात तज्ज्ञ. त्यांनी आकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या. “मॅडम, तुमच्या आईंची मागणी मान्य केली, तर बाकी सगळ्यांच्या इच्छा जवळपास जशाच्या तशा बसतात. त्यांचं घर मधून निघालं, की गाठ सुटते. मला यात गैर काही दिसत नाही. मी मंजूर करतो.”

हिवाळ्यात घरं सरकायला लागली.

पहिला मान राठींच्या मिठाईच्या दुकानाला मिळाला. सगळी पेठ बघायला लोटली. कंपक सुरू झाले, जमिनीतून डासाच्या गुणगुणीसारखा आवाज आला आणि बाकी काहीच झालं नाही. लोक चुळबुळायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, की दुकानाची पायरी मघाशी विजेच्या खांबाच्या अलीकडे होती, आता पलीकडे आहे. एकच जल्लोष झाला. बोचऱ्यांच्या बँडने वरातीची धून धरली. ज्योत्स्नाताई दुकानापुढे उभ्या राहून, डेपोत गाडी लावून घ्यावी तशा हात हलवत होत्या, “येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या थोडं!” खेडकरांनी त्यांना समजावून सांगितलं, की डावं-उजवं संगणक ठरवतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात हलवणं चालू ठेवलं. आत कढईतला पाक हललासुद्धा नाही. राठींनी सरकत्या दुकानात तळलेली जिलबी सगळ्यांना वाटली आणि ती नेहमीपेक्षा चांगली झाली होती असं पेठेचं मत पडलं.

मग रोजचंच झालं. बायका सरकत्या गच्चीवर पापड वाळत घालायच्या. पोस्टमन सकाळी एका दारात पत्र टाकायचा आणि परत येताना ते दार शोधायचा. भांडणाऱ्या भावांची घरं एकमेकांना लागली, त्या संध्याकाळी दोघंही एकाच वेळी ओट्यावर येऊन बसले आणि काही न बोलता आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले.

ज्योत्स्नाताई आणि शबानाआपांची भिंत चिरून दोन केली, तेव्हा दोघी आपापल्या घरात बसून होत्या. खिडकीच्या जागी दोन्हीकडे विटा आल्या. शबानाआपांचं घर आधी निघालं आणि दक्षिणेला चौकाच्या कडेला जाऊन बसलं. ज्योत्स्नाताईंनी त्या दिवशी डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. डबा धुऊन परत आला, रिकामा. पेठेत डबा रिकामा परत करत नसत.

फाल्गुनात ज्योत्स्नाताईंच्या घराची पाळी आली. घर मोकळ्या झालेल्या चौकात आलं, अर्धं अंतर कापलं, आणि थांबलं. कंपक चालू होते, तारदोर ताणलेले होते, पण घर हलेना. उलट पश्चिमेचा कोपरा केसभर खाली गेला. खेडकरांनी ताबडतोब सगळं बंद केलं.

जमिनीत लहरी सोडून तपासलं तेव्हा कारण समजलं. घराखाली एक विहीर होती. कुण्या जुन्या काळी दगडगोट्यांनी बुजवलेली, वरून फरसबंदी केलेली. कुठल्याही नकाशावर नव्हती. आधीच्या तपासणीत गोट्यांचा भराव पक्क्या मुरमासारखा दिसला होता. कंपन मिळताच दही गोट्यांच्या फटींतून विहिरीत उतरलं होतं.

“पुढे नेता येत नाही, मागे नेता येत नाही,” खेडकर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “कंपक लावले की दही पुन्हा खाली जाणार. आहे तिथे तराफ्याखाली काँक्रीट भरलं की घर पक्कं बसेल, कोपरा मी उचलून देईन, त्याचा धोका नाही. पण ते बरोबर बंबाच्या रस्त्यावर आहे. आणि पावसाच्या आत रस्ता मोकळा झालाच पाहिजे.”

मग अर्थ एकच होता. आयुक्तांच्या कार्यालयातून तसं सुचवण्यातही आलं. घर पाडायचं, ज्योत्स्नाताईंना दुसरीकडे फ्लॅट द्यायचा. ज्या आराखड्यात एकही घर पडणार नव्हतं, त्यात एकच घर पडणार होतं.

शर्वरी आईकडे गेली. मोकळ्या चौकाच्या मधोमध घर एकटं उभं होतं. चारी बाजूंनी उजेड, चारी बाजूंनी वारा. ज्या भिंतींनी कधी ऊन पाहिलं नव्हतं त्या उन्हात न्हात होत्या. ओट्यावर राठींचा नोकर, दोन शाळकरी मुली आणि पोस्टमन असे बसून पाणी पीत होते.

“येता-जाता सगळे इथंच टेकतात,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “एसटी स्टँड झालं आहे माझं घर.” मंडळी उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, “पाडायचं असन तर पाडा व. आग लागली तेव्हा म्याही बादल्या उचलल्या आहेत. रस्ता पाहिजेच. फक्त त्या कागदावर तू सही करू नको. खेडकरले करू दे.”

“दुसरा मार्ग आहे,” शर्वरी म्हणाली.

“मग सांगत काहून नाहीस?”

“रस्ता तुझ्या घराच्या दोन्ही बाजूंनी नेता येतो. पण त्यासाठी चौकाभोवतीच्या घरांना पुन्हा मागे सरकावं लागेल. त्यांना त्यांच्या मनासारखी जागा मिळाली आहे, आई. मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की माझ्या आईसाठी मागे व्हा?”

ज्योत्स्नाताईंनी ओट्यावरचे रिकामे पेले गोळा केले. “मोठी झाली तू,” त्या म्हणाल्या. “पण त्यायचं उत्तर तूच ठरवून टाकलं. हे तर बरोबर नाही.”

शर्वरीने रात्र-दिवस एक करून तो दुसरा नकाशा आखला नाही. तो तिच्या डोक्यात तयारच होता. नव्हतं ते धैर्य. ते गोळा करून तिने पुन्हा सभा बोलावली.

“हे माझ्या आईचं घर आहे,” तिने सुरुवातीलाच सांगितलं. “म्हणून निर्णयात माझं मत धरायचं नाही. पण काय काय करता येतं ते तुमच्यापुढे ठेवणं माझं काम आहे.” तिने दोन्ही नकाशे दाखवले. पहिल्यात घर नव्हतं आणि रस्ता सरळ होता. दुसऱ्यात घर होतं आणि रस्ता त्याला वळसा घालून जात होता. “यात एक फायदाही आहे. पहिल्या नकाशात रस्ता पुढे बंद होतो, म्हणून बंबाला परत निघायला उलटं जावं लागतं. दुसऱ्यात तो घराला फेरी घालून सरळ बाहेर पडतो. पण त्यासाठी चौकातल्या प्रत्येक घराला आपल्या अंगणातला तुकडा सोडून मागे सरकावं लागेल.”

राठी घसा खाकरून म्हणाले, “आमचं आत्ताच सगळं बसलं होतं, बेटा. गिऱ्हाइकाले जागा सापडायले लागली होती.”

“हो काका.”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शबानाआपा उठल्या होत्या.

“माझं दुकान मागं घ्या,” त्या म्हणाल्या. “चष्मा लागणारा माणूस दोन पावलं जास्त चालून येईन. त्याले तसंही लांबचं दिसत नाही.” लोक हसले. शबानाआपा हसल्या नाहीत. त्या ज्योत्स्नाताईंकडे वळल्या. “तुझ्यावर राग आहे माझा अजून. पण राग काढायले तू समोर पाहिजे. फ्लॅटमंदी जाऊन बसशीन तर कोणावर काढू?”

ज्योत्स्नाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला.

राठींनी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती काहीतरी पुटपुटली. “बरं,” राठी म्हणाले, “आमचंही घ्या. पण सरकताना जिलबीचं सामान तुमच्या कक्षाकडून!” मग एकेक हात वर होत गेले. दोन भाऊ उठले आणि एकमेकांकडे न पाहता एकाच दमात म्हणाले, “आमची हरकत नाही.” एकानेच काय ते आढेवेढे घेतले. त्याचा नवा ओटा अजून ओला होता. खेडकरांनी त्याला तस्साच ओटा बांधून द्यायचं कबूल केलं.

शेवटी बोचरे राहिले. त्यांचं घर अजून नाल्याकडे निघायचं होतं.

“मॅडम, एक विचारू?” ते म्हणाले. “तिचं... म्हणजे, गावंडेबाईंचं घर आता टोकाले येणार नाही.”

“नाही येणार, बोचरेजी.”

“ती विहीर फक्त त्यायच्याच घराखाली आहे नं? बाजूची जमीन चांगली आहे?”

खेडकर उत्तरले, “पूर्वेच्या बाजूची पक्की आहे. मी स्वतः तपासली आहे.”

“मग त्यायचं घर माझ्यापाशी येत नसन तर माझंच तिकडं न्या.” त्यांनी पडद्यावरच्या नकाशाकडे बोट केलं. “रस्ता तसाही वळसा घेऊनच चालला आहे. थोडा मोठा घेईन. सरावाचं मी पाहतो. तळमजल्याले आतून कापूस-रबराचे पडदे लावतो, अन् दिवस मावळल्यावर ढोल बंद. ज्याले त्रास होईन त्यानं येऊन सांगावं, मी वाईट वाटून घेणार नाही.”

या खेपेला कुणीच हरकत घेतली नाही. पेठेने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीने खेडकरांकडे पाहिलं. खेडकरांनी टॅबलेटवर रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. “बसतंय,” ते म्हणाले. “बंब आरामात वळतो.”

आयुक्तांनी दोन दिवस विचार केला आणि दुसरा नकाशा मंजूर केला. बंबाला उलटं जावं लागत नाही, ही गोष्ट अग्निशमनच्या लोकांना फारच आवडली होती.

चौकाभोवतीची घरं एकेक करून मागे सरकली आणि चैत्रातल्या एका सकाळी बोचऱ्यांचं घर निघालं. एव्हाना पेठ घरं सरकण्याला सरावली होती, तरी त्या दिवशी सगळे चौकात आले. बँडवाले घराच्या आतच बसले होते आणि खिडक्यांमधून वाजवत होते. त्यामुळे वरात आणि घर एकत्रच चालत होतं. शबानाआपा दुकान उघडं टाकून ज्योत्स्नाताईंच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्या हातात झाकलेला डबा होता आणि तो जड दिसत होता. ज्योत्स्नाताईंनी सरकून जागा केली. थोड्या वेळाने एकीने दुसरीच्या खांद्यावरचा दोरा काढून टाकला.

दोन घरांच्या मध्ये एक पाऊल मावेल एवढी फट उरली, तेव्हा खेडकरांनी हात वर केला. कंपकांची गुणगुण थांबली. जमिनीखाली पापुद्रे पुन्हा एकमेकांना बिलगू लागले. ते घट्ट होईपर्यंत कुणी ये-जा करायची नव्हती. सगळे थांबले. बँडही थांबला. एवढी शांतता त्या चौकात कधी झाली नव्हती.

खेडकरांनी जमिनीत सळई रोवून पाहिली. ती गेली नाही. त्यांनी मान हलवली.

बोचऱ्यांनी आपलं दार उघडलं. समोर हाताच्या अंतरावर ज्योत्स्नाताईंचा ओटा होता. इस्त्रीचा सदरा घालून ते उंबऱ्यात उभे राहिले. लगेच जावं की बोलावण्याची वाट पाहावी हे त्यांना उमगेना. एवढ्या जवळ राहण्याची रीत कुणालाच माहीत नव्हती. ते नुसतेच उभे राहिले.

“या नं, बोचरेजी,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “की पत्ता सापडत नाही?”

सगळा चौक हसला. शर्वरीही हसली, कारण ते अगदी खरं होतं. त्या दिवशी पेठेत कुणाचाच पत्ता जागेवर नव्हता आणि नवे घर क्रमांक द्यायचं काम सोमवारी तिलाच करायचं होतं. बोचऱ्यांनी खाली पाहिलं, ती फट पाहिली आणि एक पाऊल टाकून ती ओलांडली. शबानाआपांनी डब्याचं झाकण काढलं. ज्योत्स्नाताई कप आणायला आत गेल्या आणि जाता जाता लेकीला म्हणाल्या, “तू काहून उभी? बस. चहा होऊन राह्यला.”

शर्वरी नकाशाची गुंडाळी भिंतीला टेकवून त्या दोघांच्या मध्ये, ओट्यावर बसली.